तुमसरातली ती मिल

स्टाफरूमच्या दारात ते उभे राहत, हातातल्या कागदांची सुरळी दुसऱ्या तळव्यावर हलकेच आपटत आणि म्हणत, "सर, वाचला तुमचा पेपर."

एवढं ऐकलं की स्टाफरूम रिकामी व्हायला लागे. कोणाला प्रॅक्टिकल आठवे, कोणाला प्राचार्यांनी बोलावलेलं असे. इलेक्ट्रिकलच्या मॅडम तर एकदा चहाचा भरलेला कप टेबलावर तसाच सोडून गेल्या. ज्याचा पेपर वाचला गेला होता, तो बिचारा मात्र अडकायचा.

आमच्यासारख्या कॉलेजात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. भंडाऱ्याच्या बाहेर हायवेला लागून आमचं खासगी इंजिनीअरिंग कॉलेज आहे. त्यातच मॅनेजमेंटचा एक विभाग, तिथं मी शिकवतो. दरवर्षी प्रत्येकानं शोधनिबंध छापायचा असा आमच्याकडे दंडक. त्याला सगळे पेपरच म्हणतात. पेपर छापला की बढतीला उपयोगी पडतो, तपासणीला समिती आली की फाइल जाड दिसते. 'तू माझं नाव टाक, मी तुझं टाकतो' हा व्यवहार उघड चालतो, हळदीकुंकवाच्या वाणासारखा. लिहायचं, छापायचं, स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवायचं. एक गोष्ट कोणी करत नाही. वाचत नाही. लिहिणाऱ्यानंही आपला पेपर पुरता वाचलेला असतोच असं नाही.

हे सर वाचत. सगळ्यांचे वाचत.

मेकॅनिकलला शिकवायचे, तेही कंत्राटावर. वर्ष संपलं की नेमणुकीच्या नवीन ऑर्डरची वाट पाहायची. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात पेपरांवर खुणा करायची पेन्सिल. कॉलेजात त्यांचं नाव पडलं होतं रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारा. "आला रे रिव्ह्यूअर," कोणी कुजबुजलं की समजायचं.

एकदा त्यांच्याच विभागातल्या एका सरांनी धानाच्या भुशापासून इंधन करण्यावर पेपर छापला होता. रिव्ह्यूअर आले, खुर्ची ओढून समोर बसले.

"सर, भुशाचं तुम्ही फार चांगलं लिहिलं. पण पाचव्या पानावर एकदम समुद्राचं पाणी आलं. भंडाऱ्यात समुद्र कुठून आला जी?"

सरांनी पान पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "पेस्ट झालं असेल कुठूनतरी."

"असं होय. मंग समुद्र तेवढा काढून टाका. बाकी भुसा मस्त आहे."

यात टोमणा नव्हता. तीच तर अडचण होती. टोमणा असता तर माणसं त्यांच्याशी भांडली असती, आणि भांडण हाही एक संबंध असतो. पण त्यांना खरंच वाटायचं की समुद्र चुकून आला आहे, आणि सांगितलं की सरांना बरं वाटेल. मग लोक त्यांना टाळायला लागले. दुपारी सगळे घोळक्यानं डबे खात, तेव्हा हे वर्कशॉपमागच्या पायरीवर बसून एकटे जेवत. एका हातात पोळी, मांडीवर कोणाचातरी पेपर.

मला आता वाटतं, लोक एकमेकांच्या घरी जातात तसे ते पेपरांत जात असावेत. त्यांना दुसरीकडे कोणी बोलावत नव्हतं.

मी त्यांना टाळलं नाही. याचं श्रेय घेत नाही. माझी बायको मुलीच्या शिक्षणासाठी नागपूरला राहायची, मी इथं एकटा. तलावाच्या बाजूला त्यांची भाड्याची खोली होती, माझ्या खोलीपासून जवळ. संध्याकाळी चहाला भेटायचो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "राहून गेलं जी," जशी एखादी वस्तू बाजारातून आणायची राहून जावी.

"एवढं सगळं वाचता कशाला हो?" मी एकदा विचारलं.

"कोणीतरी बसून लिहिलं आहे ना सर. एवढं बसून माणूस खोटं कायले लिहील?"

मी हसलो होतो. ते हसले नाहीत. चहाच्या ग्लासावरची साय बोटानं बाजूला करत राहिले.

आता माझ्या पेपरकडे येतो. हे लिहायला घेतलं तेव्हापासून मी त्याच्याभोवती फिरतो आहे.

मला असोसिएट प्रोफेसर व्हायचं होतं. पेपर कमी पडत होता. विषय मी चांगला निवडला, एवढं मात्र खरं. तुमसरच्या राईस मिलमध्ये पूर्वी बाया ओळीनं बसून तांदूळ निवडत. खडे, काळे दाणे, पिवळे दाणे हातानं बाजूला काढत. नंतर रंग ओळखून खराब दाणा उडवून लावणारी मशीन आली आणि त्या बायांचं काम गेलं. त्या बायांचं पुढं काय झालं, हा माझा विषय. मी तुमसरला गेलो. एका मिलमालकाच्या ऑफिसात बसलो. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, "बाया? त्यांना दिलं ना काम. पॅकिंगला लावलं." मी मिलच्या आतही गेलो नाही. खोलीवर परत आलो आणि बायांच्या मुलाखती लिहून काढल्या. एकाही बाईला न भेटता. त्यांना काय विचारलं तेही मीच लिहिलं आणि त्यांनी काय सांगितलं तेही. निष्कर्षात लिहिलं : 'यंत्र आल्यानंतर बहुतांश महिलांना त्याच उद्योगात अन्य काम मिळाल्याचे दिसून आले.'

वाक्य बरं उतरलं म्हणून मी खूशसुद्धा झालो होतो.

पेपर छापून आला. त्यानंतरच्या सोमवारी ते माझ्या केबिनच्या दारात आले. हातात सुरळी होती, पण ती आपटायचं ते विसरले होते. आत येऊन बसले. पेन्सिलीची एकही खूण नव्हती कागदावर.

"सर, तुमचा पेपर मी बाईले वाचून दाखवला."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. तुमसरला राहायची. आईबाप लवकर गेले, तिनं याला वाढवलं. मिलमध्ये तांदूळ निवडून याला इंजिनीअर केलं. तिला नवरा नाही, मूल नाही. मशीन आली तेव्हा तिचंही काम गेलं आणि तेव्हापासून ती घरी होती. एवढं सगळं त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. इतक्या वर्षांच्या चहात मी कधी विचारलं नव्हतं.

"तिले पैशाची अडचण नाई. मी देतो ना. पण दिवसभर घरात एकटी. बोलाले कोणी नाई. तुमचं ते वाक्य ऐकलं अन् उठूनच बसली. म्हणते, बाकीच्यांले काम भेटलं, मंग मलेच काहून नाई? सर, ती कोणती मिल आहे जी? मी तिले घेऊन जातो."

तेव्हा सांगायला हवं होतं. दार लावून घेतलं असतं तरी चाललं असतं. कोणालाही कळलं नसतं. मी म्हणालो, "मिलचं नाव सांगता येत नाही सर. संशोधनाची नीतिमत्ता असते. मी शब्द दिलेला आहे."

ते लगेच सावरून बसले. "हो हो. बरोबर आहे जी. ते पाळलंच पाहिजे. मी विचाराले नव्हतं पाहिजे." आणि जाता जाता दारातून म्हणाले, "मी आपला शोधतो. तुमसरातलीच आहे ना? एवढं पुरे."

मग दर रविवारी ते सकाळच्या एसटीनं तुमसरला जायला लागले. बहिणीला घेऊन एकेका मिलचं गेट गाठायचं, विचारायचं, परत यायचं. सोमवारी मला सांगायचे, तक्रारीच्या सुरात नाही, प्रयोगशाळेतलं रीडिंग सांगावं तसं. "काल स्टेशनकडल्या पाह्यल्या. त्यातली नव्हती." कधी म्हणत, "बाई आता चालाले लागली चांगली. घरात बसून बसून गुडघे धरले होते." मी मान हलवायचो. प्रत्येक सोमवार मला एक संधी देत होता आणि मी चहा मागवत होतो.

थंडीत एकदा ते म्हणाले, "सर, तुम्हीच चला ना एखाद्या इतवारी. नाव नका सांगू. शब्द मोडू नका. फक्त संगं चला."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

तुमसरला त्यांच्या बहिणीच्या घरी पोचलो. एका खोलीचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगण सारवून लख्ख. बाई बाहेर आल्या. साडीला इस्त्री, हातात पिशवी. "जयभीम सर." मग भावाकडे वळून, "हे काय रे, सर एवढे वाळलेले? तिकडं तुमाले जेवाले देत नाई काय कोनी?"

"देतात जी," मी म्हणालो.

"मंग खाते कोन?" त्या हसल्या. "चला. आज सर हायेत, आज भेटतेच मिल."

रस्ताभर त्या बोलत होत्या. मिलमध्ये कोण कुठं बसायची, कोण गाणं म्हणायची, कोण डब्यात काय आणायची. बपेरा गावची एक होती, ती कोणाच्याही लग्नाची बातमी सगळ्यांत आधी आणायची. "तिची बातमी कधी खोटी नाई निंघाली. नवरीले माहीत नसे, तिले माहीत राहे." भाऊ मागं मागं चालत हसत होता.

मिलच्या गेटवर एक मुकादम होता. बाईंनी विचारलं, पॅकिंगला बाया घेता का.

"पॅकिंगले पोट्टे हायेत मावशी. पोतं उचलता येते काय तुले?"

"पन घेतल्या ना बाया! पुस्तकात छापून आलं हाये." त्या भावाकडे वळल्या. "दाखव रे."

त्यांनी पेपर काढला आणि ते वाक्य बोटानं दाखवलं. मुकादमानं वाचलं. मग आतल्या हमालांना हाक मारली. "ए, इकडं या रे. आपल्या मिलमधल्या बायांले काम भेटलं म्हंते. पाहा कुठी दिसते काय एखादी!" चारपाच जण हसले. मुकादमानं कागद परत दिला. "कोनं लिहिलं हे? त्या शहाण्याले एकदा घेऊन या इथी."

ते माझ्याकडे वळले. 'हेच ते सर' असं सांगायला वळले, अगदी अभिमानानं. त्यांचा हातही माझ्या दिशेनं उचलला गेला होता. आणि त्यांनी माझा चेहरा पाहिला.

मी काय चेहरा केला होता मला माहीत नाही. पण त्यांनी तो वाचला. तो हात तसाच खाली आला.

"भंडाऱ्याचे एक प्रोफेसर आहेत," ते मुकादमाला म्हणाले. "आज आले नाईत."

परतीच्या वाटेवर बाईच तेवढ्या बोलत होत्या. "राहू दे. ही नाई तर दुसरी. काय हो सर?" मी हो म्हणालो. त्यांनी आम्हाला घरी नेऊन पोहे खाऊ घातले. मी खाल्ले. हेही लिहितो, कारण मी ते खाल्ले आणि आणखी घ्या म्हटल्यावर आणखीही घेतले.

त्यानंतर ते कोणाचाच पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात आले नाहीत. लोकांना बरं वाटलं. "रिव्ह्यूअर सुधारले," इलेक्ट्रिकलच्या मॅडम म्हणाल्या, आणि आपला चहा निवांत पूर्ण प्यायल्या. पायरीवर ते तसेच एकटे जेवत. फक्त मांडीवर आता काही नसे.

रविवारी मात्र ते तुमसरला जातच राहिले. मला ते कळेना. शेवटी एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी धीर करून म्हणालो, "सर, तो पेपर..."

"राहू द्या जी."

"नाही, मला सांगू द्या. ती मिल..."

"मले माहीत आहे सर." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण बाईले नका सांगू. तिले वाटते, अजून सापडाची आहे. इतवारी तयार होऊन बसते. हे गेलं तर तिच्यापाशी काय राहिलं?"

मला हायसं वाटलं. हे कबूल करायला सगळ्यात जड जातं. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं म्हणून माझं गप्प राहणं एकदम चांगुलपणात जमा झालं.

त्या वर्षी मला बढती मिळाली. त्याच वर्षी त्यांना नवीन ऑर्डर मिळाली नाही. कारण साधं होतं : त्यांच्या नावावर एकही पेपर नव्हता, आणि आतापर्यंत चालून गेलेलं त्या वर्षी चाललं नाही. सगळ्या कॉलेजचे पेपर वाचलेला माणूस, पण कोणाच्याही पेपरवर त्यांनी आपलं नाव टाकू दिलं नव्हतं. नेमणुकांच्या बैठकीत मी होतो. कोणीतरी म्हणालं, "संशोधनात रस दिसत नाही त्यांचा." कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

ते छत्तीसगडात एका पॉलिटेक्निकला गेले. एसटी स्टँडवर पोचवायला मी एकटाच. बॅग एकच होती. मी म्हणालो, "फोन करत जा." ते म्हणाले, "हो जी." आम्हा दोघांनाही ते खरं वाटलं नसावं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "बाई आता इतवारी एकटी पडन."

तेवढंच म्हणाले. जा तिच्याकडे, असं म्हणाले नाहीत.

मी गेलो नाही. पुष्कळ रविवार गेलो नाही. नागपूरला जायचो, मुलीला म्हणायचो बोल काही, ती फोनमध्ये असायची. मग एका रविवारी नागपूरऐवजी तुमसरच्या गाडीत बसलो. ठरवून वगैरे नाही. ती आधी लागली होती.

बाई दारातच होत्या. साडीला इस्त्री, हातात पिशवी. मला पाहून उठल्याच. "आले काय सर! त्यानं धाडलं ना तुमाले? चला, गोंदिया रोडकडल्या राहिल्या हायेत."

"बाई, बसा जरा."

"बसून काय करू? बसूनच तं असतो."

"अशी मिल नाही बाई," मी उभ्यानंच बोललो. "कुठंच नाही. मी कोणत्याच बाईला भेटलो नव्हतो. खोलीवर बसून मनानंच लिहिलं ते सगळं. इतक्या गेटांवर विचारलंत तुम्ही, कोणालाही काम मिळालेलं नाही."

पिशवी त्यांच्या हातातच होती. शेजारच्या घरी कोणीतरी धुणं आपटत होतं. मला वाटलं आता शिव्या येतील. आल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

"कोनालेच नाई?"

"नाही."

"बपेऱ्याचीले?"

"तिलाही नाही बाई. मी तिला ओळखतही नाही."

त्या पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाल्या, "मले वाटे, सगळ्या कुठीतरी एका जागी बसल्या असतीन. पहिल्यासारख्या. हसत असतीन. अन् मलेच बलावलं नाई कोनी. म्या असं काय केलं होतं त्याईचं, रातदिवस हाच इचार. म्हनून मी शोधत होतो जी. कामासाठी नाई. तोंडावर विचाराले, काहून बाई मले सोडलं म्हनून."

मी अंगणातच बसलो. भाऊ म्हणाला होता, हे गेलं तर तिच्यापाशी काय राहिलं. आम्ही दोघं शिकलेले पुरुष, तिला काय झेपेल हे तिला न विचारता ठरवून मोकळे झालो होतो.

"म्हंजे कोनालेच नाई बलावलं," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सैल पडत गेला. "त्या बी बसल्या असतीन आपापल्या घरी. माझ्यासारख्याच." मग एकदम माझ्याकडे वळून, "अन् तुमी सर, एवढे दिवस हे पोटात ठेवून माझे पोहे खाल्ले?"

"हो."

"पचले?"



त्या उठल्या. घराला कडी लावली. "बपेऱ्याची गाडी आता लागन," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मी मागोमाग स्टँडपर्यंत गेलो. तुम्ही पण चला, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. त्या खिडकीशी बसल्या. बसल्या बसल्या पिशवीतून फोन काढला आणि भावाला लावला. आजूबाजूची माणसं वळून पाहत होती, एवढ्या मोठ्यानं त्या बोलत होत्या.

"हालो! अरे आयक! त्याईले बी नाई बलावलं रे! कोनालेच नाई बलावलं! हां, सर आलते. सरनंच सांगितलं. खुद्द येऊन सांगितलं..."

कंडक्टरनं घंटी मारली. बाई गप्प झाल्या, फोन कानाला घट्ट धरून पलीकडचं ऐकायला लागल्या. ते काय म्हणत होते, माझ्याबद्दल काही म्हणत होते की नाही, मला ऐकू येत नव्हतं. मी गाडीच्या बाजूनं थोडं चाललो. मग गाडी वळली.